जमा आणि नावे

गेल्या महिन्यात आमच्या शेजारचे काका गेले. वय ९२. अंथरुणाला खिळले ते जेमतेम आठ दिवस. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी आली : पाटबंधारे खात्यातील निवृत्त अधीक्षक अभियंता, वृद्धापकाळाने निधन, पश्चात मुलगी, जावई, नातवंडे. बातमीत एकही चूक नव्हती आणि एकही विशेषण नव्हते. काकांना ती पसंत पडली असती.

त्यांचे नाव मी या लेखात लिहिणार नाही. धरणावर हजारो हात राबतात, त्यातले एकच नाव घेतले की बाकीच्यांवर अन्याय होतो, असे ते नेहमी म्हणत. पाटण खोऱ्यातली माणसे त्यांना ‘रावसाहेब’ म्हणत. कॉलनीत ते सगळ्यांचे काका होते. मी बँकेत ३४ वर्षे नोकरी केली, काही कादंबऱ्या लिहिल्या. या दोन्ही धंद्यांत मला जे थोडेफार जमले, त्यातले बरेचसे मी या तिसऱ्याच धंद्यातल्या माणसाकडून शिकलो. शेजाराचे ऋण मानण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण ते कुठे लिहून ठेवण्याची नाही. म्हणून हा लेख.

१९८६ च्या जूनमध्ये माझी बदली साताऱ्याला झाली. मी २६ वर्षांचा, शेती कर्जाचा फील्ड ऑफिसर. ज्या घराचा वरचा मजला मला भाड्याने मिळाला, त्याला लागूनच काकांची बंगली होती. त्यांच्या निवृत्तीला अजून पाच वर्षे होती. पहिल्याच आठवड्यात कुंपणावरून त्यांनी विचारले, ‘‘बँकेत काय बघता?’’

‘‘विहिरींची आणि पंपसेटची कर्जे.’’

‘‘विहिरीत कधी उतरलात?’’

पुढच्या रविवारी सकाळी ते मला आपल्या स्कूटरवर बसवून एका खेड्यात घेऊन गेले आणि दोराला धरून विहिरीच्या पायऱ्या उतरायला लावले. विहीर निम्मी भरलेली. वर आल्यावर म्हणाले, ‘‘पावसाळ्यात कुठलीही विहीर श्रीमंत दिसते. हीच विहीर एप्रिलअखेर येऊन बघायची.’’ त्या दिवसापासून ‘अहो’चे ‘अरे’ झाले आणि माझी शिकवणी सुरू झाली.

त्या शिकवणीत पुस्तक नव्हते. विहिरीची खोली परसात विचारावी, कारण शेतकऱ्याला ती परसात ठाऊक असते. पण कागदावर मीटरमध्ये आपल्या टेपने मोजून लिहावी. पंप किती तास चालतो एवढ्यावर थांबू नये, उपसा झाल्यावर पाणी किती तासांत परत चढते हे विचारावे. ‘‘विहीर म्हणजे टाकी नव्हे,’’ ते सांगत, ‘‘ती तुमच्या सेव्हिंग खात्यासारखी आहे. शिल्लक किती दिसते याहून रोज जमा किती होते ते बघ.’’ शेजारच्या शेतात नवी विहीर खणली जात असेल तर तिचे अंतर मोजावे. झिरपा एकच असेल तर दोन कर्जांना मिळून एकाच विहिरीचे पाणी तारण पडते.

मार्चअखेरचे उद्दिष्ट हा प्रकार बँकेतल्या माणसांना समजावून सांगायला नको. प्रकरणांचा गठ्ठा टेबलावर येई आणि वरून निरोप येई की, या आठवड्यात सगळी निघाली पाहिजेत. अशा एका संध्याकाळी मी कुरकुर करीत असताना काकांनी एवढेच विचारले, ‘‘सही कुणाची आहे?’’ मी म्हटले, ‘‘माझी.’’ ‘‘मग घाईही तुझीच असली पाहिजे. दुसऱ्याच्या घाईवर आपण सही करू नये.’’ हे वाक्य मी नंतर कितीतरी तरुण अधिकाऱ्यांना माझे म्हणून ऐकवले. आज ते ज्याचे त्याच्या खाती टाकतो.

या माणसाने सहीला एवढे महत्त्व का द्यावे, याचे उत्तर कोयनेत होते.

१९५५ साली पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडून पुढच्या वर्षी ते कोयना प्रकल्पावर रुजू झाले. कोयना नदी महाबळेश्वरला उगम पावते, दक्षिणेकडे वाहते आणि मग पूर्वेला वळून कऱ्हाडला कृष्णेला मिळते. म्हणजे तिचे पाणी जायचे बंगालच्या उपसागराला. ते धरणात अडवायचे, बोगद्यातून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला न्यायचे, कड्याखाली पोफळीला जमिनीच्या पोटात बांधलेल्या वीजगृहात त्यावर यंत्रे फिरवायची आणि वाशिष्ठीत सोडून द्यायचे, अशी ही योजना. नदीने पूर्वेचा रस्ता सोडून अरबी समुद्राला जावे, ही कल्पनाच त्या वयात त्यांना झपाटून टाकणारी वाटली होती. आज कोयनेच्या सगळ्या टप्प्यांची मिळून वीजनिर्मितीची क्षमता १,९६० मेगावॉट आहे. महाराष्ट्रातल्या ज्या घरात संध्याकाळी दिवा लागतो, त्या घराचे कोयनेशी थोडे तरी नाते आहे.

धरण उभे कसे राहते, हे ते कॉलनीतल्या मुलांना फार सोपे करून सांगत. माजघराच्या दारामागे धान्याचे पोते ठेवायचे आणि मुलांना बाहेरून दार ढकलायला लावायचे. दार हलत नसे. ‘‘धरण म्हणजे ते पोतं. पाणी ढकलतं आणि धरण आपल्या वजनाने बसून राहतं. बाकी जादू काही नाही.’’ मग एखादे चुणचुणीत पोर विचारी, पाणी खालून शिरले तर? काकांचा चेहरा खुले. ‘‘हा खरा प्रश्न! पाणी पायाखाली शिरून धरणाला वर उचलू पाहतं. उचललं गेलं की पोतं हलकं होतं. म्हणून धरणाच्या पोटात एक बोळ ठेवलेला असतो, त्याला गॅलरी म्हणतात. झिरपलेलं पाणी तिथे गोळा करायचं, रोज मोजायचं आणि बाहेर काढून द्यायचं.’’ आणि शेवटी ठरलेले वाक्य : ‘‘धरण गळतं याला भ्यायचं नाही. न मोजता गळतं, त्याला भ्यायचं.’’

कोयना धरण १०३ मीटर उंच आणि ८०० मीटरहून अधिक लांब आहे. मोठे दगड आणि काँक्रीट यांचे ते बांधकाम. ११ डिसेंबर १९६७, सोमवार, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी त्याच्या पायथ्याची जमीन हलली. दख्खनचे पठार तोवर भूकंपाच्या दृष्टीने निर्धोक समजले जाई आणि धरणाच्या आराखड्यात भूकंपाचा जोर त्या समजुतीप्रमाणे थोडाच धरलेला होता. त्या पहाटे सुमारे पावणेदोनशे माणसे दगावली. कोयनानगर जमीनदोस्त झाले. धक्का मुंबई-पुण्यापर्यंत जाणवला. जलाशयाशी निगडित भूकंपांच्या अभ्यासात कोयनेचे नाव तेव्हापासून जगभर घेतले जाते.

काका तेव्हा कोयनानगरला डेप्युटी इंजिनिअर होते. त्या पहाटेविषयी ते स्वतः कधी बोलले नाहीत. मला सांगितले ते काकूंनी. ‘‘क्वार्टरची एक भिंत बाहेर पडली, म्हणून आम्ही वाचलो. आत पडती तर संपलंच होतं. मुलगी दोन वर्षांची. तिला माझ्या हातात दिलं, अंगणाच्या मधोमध घोंगडीवर बसवलं आणि म्हणाले, भिंतीजवळ जाऊ नकोस, घरात शिरू नकोस. आणि टॉर्च घेऊन धरणाकडे पळाले. दुपारी परत आले. मला आधी रागच आला होता. मग बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली, की धरण फुटलं म्हणतात. तेव्हा कळलं, हे कुठे गेले होते.’’

ते गेले होते गॅलरीत. धरणाच्या पोटातल्या त्या बोळात उतरून, धक्के अजून बसत असताना, झिरपणारे पाणी किती वाढले आहे ते मोजायला. आणखीही सहकारी होते. पाणी वाढले होते. धरणाच्या उंच भागांत, मागच्या बाजूचा उतार जिथे एकदम बदलतो त्या पातळीच्या आसपास, आडव्या भेगा पडल्या होत्या. पण धरण उभे होते. खाली पाटण होते, कऱ्हाड होते, पुढे सांगली होती. भेगा बुजवण्यात आल्या, उंच भागांना मागून काँक्रीटचे भक्कम टेकू देण्यात आले. त्या दिवसाच्या त्यांच्या डायरीत काय असावे? काकूंनी ती मला दाखवली होती. तारीख, वेळ आणि आकड्यांची एक उभी ओळ. खाली सही.

मला वाटते, त्या दिवसापासून काकांच्या मनात एक वेगळी खतावणी सुरू झाली असावी. आम्ही बँकवाले जमा आणि नावे लिहितो. इंजिनिअरच्या जमेच्या बाजूला काय लिहायचे? गायकाला टाळ्या मिळतात, डॉक्टरला बरा झालेला रोगी भेटायला येतो. इंजिनिअरचे काम चांगले झाले तर काहीच होत नाही. पूल पडत नाही, स्लॅब कोसळत नाही, नदीकाठचे गाव सकाळी नेहमीसारखे उठते आणि चहा ठेवते. न घडलेल्या गोष्टींची पावती कोणी देत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले ते पुण्यात पिढ्यान् पिढ्या लक्षात राहिले. न फुटलेल्या धरणांचा वाढदिवस कोणी करीत नाही.

या गोष्टीची झळ आमच्या कॉलनीलाही लागली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा निवृत्त झालेले काका ६० वर्षांचे होते. ते आपण होऊन तिकडे गेले आणि तीन आठवडे राहिले. परत आले ते गप्प होते. जाड दगडी भिंती, चिखलाचा दर्जा, वर मातीचे जड माळवद, आणि त्याखाली झोपलेली माणसे. ‘‘भूकंप मारत नाही रे, घर मारतं,’’ हे त्यांच्या धंद्यातले जुने वाक्य त्यांनी तेव्हा मला सांगितले.

पुढे १९९८ मध्ये आमच्या भागातल्या एका शाळेला वरचा मजला चढवायचा होता. मुले वाढली होती, वर्ग अपुरे होते, देणगीही जमली होती. इमारत वरचा भार पेलेल, असा दाखला हवा होता. विश्वस्त मंडळी मोठ्या आदराने काकांकडे आली. ‘‘रावसाहेब, तुमची एक सही पुरे.’’ काका हातोडी, टेप आणि ओळंबा घेऊन शाळेत गेले. तीन रविवार गेले. कॉलमचा गिलावा चार ठिकाणी उकरला. आत सळया गंजून फुगलेल्या होत्या. त्यांनी सही दिली नाही. खालचे कॉलम आधी सळया बांधून नव्या काँक्रीटने मढवून घ्या, मग मजला चढवा, असे दोन पानांचे टिपण दिले.

खर्च वाढणार होता, वर्ष वाया जाणार होते. माझी मुलगी तेव्हा त्याच शाळेत चौथीत होती, म्हणून पालकांच्या सभेला मी हजर होतो. ‘म्हातारा अडवणूक करतो’ इथपर्यंत बोलणे गेले. दुसऱ्या कोणाकडून दाखला आणू, असेही कोणी म्हणाले. काका उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, ‘‘आणा. पण माझं टिपण त्या माणसाला वाचायला द्या आणि त्यावर ‘वाचलं’ म्हणून त्याची सही घ्या.’’ त्या टिपणाखाली ‘वाचले’ अशी सही करायला कोणी तयार झाला नाही. शेवटी कॉलम मढवले गेले. वर्षभर मुले दोन पाळ्यांत बसली. पुढच्या वर्षी मजला झाला, मोठा समारंभ झाला. काकांना त्याचे बोलावणे नव्हते. शेजारच्या दोन घरांनी त्यांच्याशी बोलणे टाकले ते दोनेक वर्षे तसेच राहिले.

मी एकदा चिडून म्हणालो, ‘‘काका, तुमचं बरोबर होतं हे या लोकांना कधी कळणार?’’ ते हसले. ‘‘कधीच नाही कळणार. कळू नये म्हणून तर एवढं केलं.’’

आता नावेची बाजू. कारण काकांची खतावणी एकतर्फी नव्हती, आणि ती तशी दाखवली तर त्यांनाच ती मान्य झाली नसती.

कोयनेवर रुजू झाले तेव्हा ते नव्या नोकरीतले पोरसवदा इंजिनिअर होते. पाणी कुठवर चढेल त्या पातळीची रेषा डोंगराच्या उतारावरून आखत जायची आणि ठिकठिकाणी चुन्याने रंगवलेले दगड रोवायचे, हे काम काही दिवस त्यांच्याकडे होते. दुर्बिणीतून बघायचे, पट्टी धरणाऱ्याला खूण करायची, दगड रोवायचा. रेषेच्या वर घर असेल तर राहिले, खाली असेल तर गेले. एका वाडीत एक म्हातारी ओसरीवरून हे सगळे बघत होती. तिने विचारले, ‘‘रावसाहेब, पाणी माज्या तुळशीपतूर येतंय का वो?’’ दगड तुळशीच्या बराच वर होता. ते म्हणाले, ‘‘होय आजी.’’ म्हातारी रडली नाही की भांडली नाही. तिने आत जाऊन त्यांना ताक आणून दिले.

ही हकिकत त्यांनी मला दोनदा सांगितली. दोन्ही वेळा ताकापाशी ते थांबले.

महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला १९७६ साली. कोयनेचे पाणी त्याच्या कितीतरी आधी चढले होते. माणसे उठली, वेगवेगळ्या जिल्ह्यांत विखुरली. कोणाला जमीन मिळाली ती कागदावर, कोणाला मिळाली ती खडकाळ, कोणाचे नाव यादीतच नव्हते. २०१८ साली कोयनानगरला प्रकल्पग्रस्तांनी ठिय्या मांडला, तेव्हा त्यात मूळ उठलेल्यांची नातवंडे होती. ज्या विजेवर आपण रात्री वाचत बसतो, तिचे बिल आपण दरमहा भरतो. तिची किंमत मात्र दुसऱ्याच कोणी भरलेली आहे, आणि तिची बाकी अजून निघते.

काकांनी याविषयी भाषण केले नाही, की वर्तमानपत्रात पत्र लिहिले नाही. निवृत्तीनंतर त्यांनी आपल्या व्हरांड्यात एक टेबल आणि दोन बाक टाकले. दर रविवारी दहा ते बारा. खोऱ्यातून, कधी दूरच्या वसाहतींतून माणसे पिशव्यांत कागद घेऊन येत. पिवळे पडलेले सातबारे, फाटके दाखले, कचेरीतली जुनी उत्तरे. काका ते जमिनीवर पसरत, तारीखवार लावत, कुठला कागद कमी आहे ते सांगत आणि अर्ज लिहून देत. बुडालेल्या गावांचे नकाशे त्यांच्या डोक्यात होते. ‘‘तुमचं घर ओढ्याच्या अलीकडे की पलीकडे?’’ असे ते विचारत, तेव्हा समोरच्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा होई. त्याने स्वतः ते घर पाहिलेले नसे. आजोबांकडून ऐकलेले असे.

अर्जाच्या मराठीसाठी मला बोलावणे आले. मला वाटले होते, आपण लेखक, चार हृदयस्पर्शी वाक्ये घालू. काकांनी पहिल्या अर्जातली सगळी विशेषणे लाल पेन्सिलीने खोडली. ‘‘कारकून रोज शंभर अर्ज वाचतो. त्याला दुःख सांगू नकोस, गट नंबर सांग. दुःख खोटं आहे असं तो म्हणू शकेल, गट नंबर खोटा आहे असं म्हणायला त्याला दप्तर उघडावं लागेल. दप्तर उघडलं की आपलं काम झालं.’’

माझ्या कादंबऱ्यांची हस्तलिखितेही याच पेन्सिलीखालून गेली. साहित्यावर ते अवाक्षर बोलत नसत. समासात फक्त प्रश्न असत. ‘हा वाडा किती खणांचा?’ ‘नदी ओलांडली, तर पाणी कुठवर होते?’ ‘याच्याकडे चार एकर आहेत, मग कर्ज कशाला?’ त्या प्रश्नांची उत्तरे शोधायला आम्ही दोघे कुठे कुठे हिंडलो. कासच्या तलावाचे पाणी पंपाशिवाय, नुसत्या उताराने साताऱ्यात कसे येते ते त्यांनी मला वाटेने चालत दाखवले. ‘‘उतार सारखा ठेवला की पाणी आपणहून येतं. तुझ्या गोष्टीतही तसंच आहे की,’’ एवढेच एक साहित्यिक मत त्यांनी आयुष्यात दिले असेल.

काकू २०१४ मध्ये गेल्या. काकांचे ऐकू येणे कमी झाले, चालणे व्हरांड्यापुरते राहिले. पण रविवार चुकला नाही. करोनाच्या काळात माणसे येईनात, तेव्हा ते फोनवर मोठ्या आवाजात गट नंबर लिहून घेत आणि पलीकडच्याला परत वाचून दाखवत. किती अर्ज लिहिले याची नोंद त्यांच्या वहीत आहे. त्यातल्या कितींचे काम झाले, तेही आहे. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा फारच लहान आहे. त्यांनी तो लपवलेला नाही. प्रत्येक पानाच्या तळाशी बेरीज आहे आणि बेरजेखाली सही.

गेल्या आठवड्यात त्यांच्या मुलीने घर आवरायला काढले. वही आणि कागदांची दोन कपाटे माझ्याकडे आली आहेत. टेबल आणि बाक मी आमच्या व्हरांड्यात आणून ठेवले. काका गेल्याचे खोऱ्यात सगळ्यांना कळलेले नाही, त्यामुळे माणसे त्यांच्या फाटकाशी येऊन उभी राहतात आणि मी त्यांना इकडे बोलावतो. परवाच्या रविवारी तिघे आले होते. दोघांकडे गट नंबर होता. तिसऱ्याचा शोधायचा आहे.